सातवं नाव

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं निमंत्रण पोचलं. राष्ट्राध्यक्षांच्या विमान अपघाताला वीस वर्षं होतात, तुमचं टीव्ही केंद्र खास कार्यक्रम करणार आणि मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून डोळे पुसायचे! मी येणार नाही.

त्या विमानात तुमच्याच केंद्राचा कॅमेरामन होता, माझा नवरा. तो गेल्याचं मला तुझ्या तोंडून कळलं, तेही टीव्हीवर, साऱ्या देशाबरोबर. मृतांच्या यादीतलं सातवं नाव. चिंगी चार वर्षांची होती. मावशीने बाबांचं नाव घेतलं म्हणून पोर टाळ्या वाजवत होती.

ते नाव घेताना तुझा आवाज कापला. तो कापरा आवाज तुम्ही दरवर्षी दाखवता. त्यावर तू वृत्तसंपादक झालीस, पुरस्कार घेतलेस. ज्याच्यासाठी कापला, तो मात्र कोणाच्या लक्षात नाही.

लोभ वगैरे राहू दे.
बेबी

ता. ११ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिलेत, कारण रीत सोडवत नाही. बाकी तुझं पत्र वाचून डोकं फिरलं.

कागद हातात आला तेव्हा कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता, बातम्या थेट चालू होत्या. सातव्या नावाशी पोचले तेव्हाच मलाही कळलं. मध्येच उठून जायला हवं होतं का? बाकीच्यांच्या घरच्यांनी मग काय करायचं होतं? सुटल्या सुटल्या मेकअपसकट तुझ्याकडे धावत आले, तर तू दार माझ्या तोंडावर आपटलंस. दुःखाचा मक्ता तू एकटीने घेतला आहेस. मला स्वतःला तो आवाज ऐकवत नाही, पण तुला सांगून काय उपयोग!

आणि हो, चिंगीने आमच्याकडे वृत्तनिवेदकाच्या जागेसाठी अर्ज केलाय. तुला बोललेली दिसत नाही. पोटच्या मुलीलाही तुझा धाक वाटतो, बघ.

जमलं तर लोभ ठेव.
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

घरात बोलणं बंद आहे. चिंगी म्हणते, बाबा जिथे काम करायचे तिथेच तिला काम करायचंय. मी म्हटलं, त्याच कामाने बाबांना नेलं. तर म्हणाली, तुला आणि मावशीला भांडायला बाबा पुरतात, मला ते आठवतही नाहीत.

निवड समितीत तू आहेस. तिला नापास कर. तुमच्या केंद्राला नवरा दिला, मुलगी देणार नाही. एवढंही केलं नाहीस तर मला बहीण नाही असं समजेन.

उत्तर नको, काम कर.
बेबी

ता. २ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

हुकूम मिळाला. पाळलेला नाही.

चाचणीत प्रत्येकाला एक खोटी बातमी देतात. प्रवासी बोट बुडाली, खाली मृतांची नावं. चिंगीने बातमी खणखणीत वाचली आणि नावांशी थांबली. कॅमेऱ्यात बघून म्हणाली की, घरच्यांना कळवल्यानंतरच नावं सांगितली जातील. संचालक भडकले. दिलेलं वाचत नाही, ती काय कामाची, म्हणाले. मी भांडले. भाचीची बाजू घेतेय, असं ते सगळ्यांदेखत बोलले. मी म्हटलं, भाची म्हणून नाही, आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणी आहे म्हणून. शेवटी घेतलं तिला. सोमवारी रुजू होते.

आता काय आदळआपट करायची ती कर. तुझ्यासाठी केलेलं नाही.
ताई

ता. २३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिंगीने काल पहिली बातमी वाचली, पाणीकपातीची. मी पाहणार नव्हते, पण शेजारीण हाताला धरून घेऊन गेली. ताठ मान, शब्द तोडून बोलणं, सगळं तुझंच उचललंय. बघून अंगाचा तिळपापड झाला. मावशीवर गेलीय हो, असं शेजारीण कौतुकाने म्हणाली, तर चहा तसाच टाकून उठून आले.

कार्यक्रमाला मी येणार नाही. राग गेलेला नाही आणि तो जाईल या आशेवर राहू नकोस. फक्त एक कर. तिच्या हातात कधी मेलेल्यांची नावं द्यायची वेळ आली, तर ती तिला आधी एकदा मनात वाचू दे. मग तो लाल दिवा लावा.

लोभ असावा, तिच्यावर.
बेबी