शेजारच्या सीटचं वजन

प्रिय कुलदीप,

तुझे फोन उचलले नाहीत. बोलताना आवाज चढला असता. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

इकडे गावात, बीबीत, सगळे बरे आहेत. माझ्या वर्कशॉपमागे तुझी पिकअप उभी असायची, तिथे आता कडूबाकाकांचा नांगर आहे.

पिकअप तुझी, तिच्यावरची खोली मी बांधायची, आणि हिमालयात दोघांनी जायचं, असं ठरलं होतं. गाडी तेराशे किलो उचलते. त्यात खोली, पाणी, अंथरुणं आणि आपण दोघं, सगळं बसायला हवं होतं. म्हणून अर्धा लोखंडी सांगाडा कापून मी ॲल्युमिनियमचा केला. ओटा काढला. कपाटांना दारांऐवजी पडदे लावले. तुझी डिंपलवहिनी म्हणायची, “घरच्या खोलीले इतका जीव लावला असता तर!” पण पडदे तिनेच शिवले.

मलकापूरला तू मोठी टाकी आणून मागच्या टोकाला बसवून घेतलीस. दोघांना पाणी जास्त लागेल, म्हणालास. मग टाकी भरून गाडी वजनकाट्यावर चढवलीस. “तू उतर बे, कापसाच्या गाडीवर कोणी बसून राह्यते काय?” काट्यावर माणसं उतरतातच. मी हसत उतरलो. तू मात्र स्टिअरिंगवर बसून राहिलास. वजन जेमतेम मर्यादेत आलं. तू जिलेबी खाऊ घातलीस.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वर्कशॉपमागची जागा रिकामी होती. कडूबाकाकांनी विचारलं, “तुले सांगून नाही गेला?” मी म्हणालो, सांगून गेला.

किलो-किलो करून मी जे वाचवत होतो, ती माझी बसायची जागा होती. ती तू पाण्याने भरलीस. नको येऊ, एवढं म्हणाला असतास तर ती टाकी मीच बसवून दिली असती. पुढे, केबिनला लागून.

काल तुझा मेसेज वाचला. “घाटात स्टिअरिंग हलकं पडून राह्यलं, गाडी ऐकत नाही, काय करू?” टाकी मागच्या चाकांच्याही मागे आहे. ती भरली की मागची बाजू दबते, पुढची उचलते. शिवाय खोली बांधताना शेजारच्या सीटवर मी आहे, असं मी धरलं होतं. आता तिथे कोणी नाही. टाकी पूर्ण रिकामी कर. लागेल तेवढंच पाणी कॅनमध्ये भर आणि कॅन माझ्या जागी, पायाशी, दोरीने घट्ट बांध. त्याशिवाय घाट उतरू नकोस.

तुझाच, हे सवयीने लिहिलं,
राजकुमार