मोहरीएवढी अफू

गोरेगाव, सन १९४६

दादा,

बर्माच्या लढाईवरून आल्यापासून तुझ्या दाजींना अफूबिगर राहवंना. वैद्यबुवा म्हनले, रोज जराशी कमी करा. मीच गोळी मोडून देते.

आज शेतातून आले, तर लेकरू झोळीत गपगार. हे म्हनले, "चतुरे, लई रडून राहिलं होतं. कानात बाँब फुटायलेत असं वाटलं. माझ्यातली चाटवली. समद्याच बाया लेकरांना देतात की!"

देतात, पर मोहरीएवढी.

लेकरू दूध वढंना, डोळे उघडंना. हे वैद्यबुवाला आनाया पळालेत, अनवाणीच.

तुला कळलं तर कुऱ्हाड घेऊन येशील, म्हनून ही चिठ्ठी धाडत न्हाई. लेकरू वाचलं तर मीच तुझ्याकडं आनून सोडते. मला ठेवून घेऊ नको, हे एकटे जगायचे न्हाईत. वहिनीला म्हन, शेळीचं दूध कोमट करून पाज.

तुझी धाकटी,
चतुरा