ताईच्या पेन्सिलीची खूण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे बसल्या जागेवरूनच). तुझी पाठ कशी आहे? सूनबाई औषध वेळेवर देते, की तू तिला दटावून चुकवतेस? मी ठणठणीत आहे.

तू लेकाकडे राहायला गेलीस त्याला चौदा महिने झाले. अंध मुलांच्या वाचनालयासाठी आपण राक्षसाची गोष्ट रेकॉर्ड करत होतो, तिचं शेवटचं प्रकरण तसंच पडून आहे. वाचनालयाच्या बाई सारख्या फोन करतात (मुलं विचारतात, राक्षसाचं पुढं काय झालं?). शेवटी म्हटलं, तुझ्या जागी आपणच राक्षस व्हावं. मागच्या खोलीत पंखा बंद करून गर्जना केली. यंत्रावरच्या दिव्यांच्या रांगेत तळाचा हिरवा जेमतेम लुकलुकला. आवाज किती उचलायचा ते ठरवणारं गेनचं बटण तू पेन्सिलीने खूण केलीस तिथेच होतं ना, आणि ती खूण तुझ्या आवाजाच्या मापाची (त्याआधी तुझी जांभईसुद्धा पार वरच्या तांबड्या दिव्यापर्यंत जायची). मी चिडून बटण पार टोकाला फिरवलं आणि जीव खाऊन ओरडलो. तांबडा दिवा लागला, शेजारीण धावत आली (तिला वाटलं, मी पडलो), आणि ऐकून पाहिलं तर राक्षस फाटक्या पत्र्यासारखा खरखरत होता.

यंत्र घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, आत येतानाच आवाजाचा माथा छाटला गेला, तर तो परत मिळत नाही. हळू आला तर चालतं, तुमचं यंत्र चोवीस बिटचं आहे." म्हणजे असं, की सोळा बिटमध्ये आवाज मोजायला पासष्ट हजार पायऱ्या, आणि चोवीसमध्ये दीड कोटीहून जास्त. त्यामुळे माझं पुटपुटणंसुद्धा नीट टिपलं जातं आणि नंतर वाढवता येतं. वर मोकळी जागा सोडा, म्हणाला, मोठ्या आवाजासाठी. ऐकून इतकं बरं वाटलं की छत्री तिथेच विसरलो.

बटण परत तुझ्या खुणेवर आणलं आहे. आता एकटाच राणी, प्रधान आणि पोपट वाचतो. वरचे सगळे दिवे विझलेले बघून तुझी फार आठवण येते. पण तू काळजी करू नकोस, माझं उत्तम चाललं आहे. तिकडेच सुखात राहा.

तुझा धाकटा

ता. क. यंत्र दुरुस्तीला दिलंय, असं मी वाचनालयाच्या बाईंना सांगितलं आहे (साफ खोटं).

ता. क. २. तरी त्यांनी राक्षसासाठी भारदस्त आवाजाचे एक गृहस्थ पाठवलेच. मी त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. एकच रिकामी होती, ती तुझी.

ता. क. ३. राक्षसाची चार पानं सोडून बाकी प्रकरण वाचून झालं आहे. ये ना, ताई. तांबडा लागला तर पुन्हा वाचू.