घसा, पोट आणि पंप

भाग्यलक्ष्मी,

मी नल्लकुंट्याला डॉक्टरांकडे निघालो आहे. तू शाळेत शिकवून येईपर्यंत मी न परतल्यास किल्ली शेजारच्या विमलाबाईंकडे मिळेल.

काल तू म्हणालीस, "घोरता पोटामुळं, आवाज बसतो पोटामुळं. दम्याच्या पंपाला बोल लावायचा हौलेपणा, येडेपणा नका करू!" मी ते ठामपणे नाकारले. आज सकाळी मात्र आरशासमोर टॉर्च धरून घसा पाहिला. जिभेमागची वाट माझ्या कल्पनेहून फारच अरुंद आहे. वाढलेले वजन गळ्याच्या आतही जागा अडवत असावे, हे तुझे म्हणणे मला मान्य करावे लागते.

तथापि, आवाजाचा दोष सर्वस्वी पोटाचा नाही. नव्या पंपासोबतचे माहितीपत्रक मी, त्यातील मराठी भिकार म्हणून, वाचलेच नव्हते. आज नाक मुठीत धरून वाचले. जुन्या पंपाचा फवारा सावकाश ओढायचा असे. या पंपातली भुकटी मात्र जोराने ओढायची आहे. मी ती जुन्याच संथपणे ओढत आलो. म्हणजे औषध छातीत न पोचता घशातच बसत असणार. अरुंद वाट आणि माझी चुकीची रीत, यांत आवाजाचा खरा अपराधी कोण, हे जाणून घेण्याची मला विलक्षण उत्सुकता लागली आहे.

घोरण्याचा वाद मात्र तू जिंकलास. घोरतो मी, मग खोली तू का सोडावीस? तुझी उशी पलंगावर परत ठेवली आहे. माझे अंथरूण बाहेरच्या खोलीत घातले आहे. ते तिथे किती दिवस राहावे, हे तू ठरव. त्यावर मी वाद घालणार नाही.

दिगंबर