राणीचं ताट

नाना, लिहिण्यात चुका होतील, मोबाईलवर एकेक अक्षर शोधत बसावं लागतं, तेव्हा आधीच माफ करा. शाळा नववीतच सुटली. आता रोज गावाहून देवपूरला जाऊन साडीच्या दुकानात फॉल-पिको करते. शेठजींची मुलगी परदेशातून आलीय. कोणत्या देशात नाटक-गाण्याला पैसा कोण देतं, बघायला कोण येतं, असं काहीतरी ती शिकते. माझ्या मशीनजवळ बसून सांगत होती, एका देशात पोरं अठराची झाली की सरकारच त्यांना नाटक बघायला पैसे देतं. दुसरीकडे श्रीमंत लोक देतात, मग त्यांचा टॅक्स कमी होतो. आपल्याकडे म्हाताऱ्या कलावंतांना मानधन. "तरी लोक येत नाहीत गं. तुमच्या गावात सोंगांना कोण द्यायचं?" मी खाली मान घालून म्हटलं, "जेवण." "बस, जेवण?" ती हसली. मी परत पिको मारायला लागले.

तिला सांगायचं होतं की सोंगं निघायच्या आधी घरांच्या चिठ्ठ्या टाकायचे. ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या घरी ते सोंग तोंडाला रंग तसाच ठेवून जेवायचं, आणि घरातल्या पोराने त्याच्याच ताटात बसायचं. राणीचं सोंग तुमचं. एकदा राणीसाठी चिठ्ठी आपल्याच घराची निघाली. तुम्ही लाल साडीत दारात उभे. आईला म्हणता, "राणी पाव्हनी शे, पाट मांड." आई तोंडाला पदर लावून हसतेय. "भरीत तिखट व्हयनं का, राणीसाहेब?" मी पिठाच्या डब्यामागे लपलेली. "कशाले दडी बठनी? ये ना माय." मी आले नाही. तुम्ही अर्धी भाकर माझ्यासाठी ताटात ठेवून उठलात. ती भाकर मी नंतर खाल्ली, पण तुम्ही नव्हते ना तिथं. कोणत्या देशात राणी अशी घरी जेवायला येते, ते तिला विचारायला पाहिजे होतं.

तुम्ही देवाघरी गेल्यापासून सोंगं बंदच होती. यंदा परत काढायचं चाललंय. तुमचे ढोलकीवाले आबा काल घरी आले, बाकी सगळी सोंगं ठरल्याचं सांगून म्हणाले, "बठ्ठा तयार शेतस, राणीच नही." आणि माझ्याकडेच बघत बसले. मी चहा ठेवायला आत पळाले. उद्या ते परत येणार आहेत. तोंडातून हो निघेल का, माहीत नाही.

पण तुमची लाल साडी खालून विरली होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिला नवा फॉल लावला. आईला अजून सांगितलं नाही.

आपली काळी म्हैस आज सकाळी व्याली. पारडी झाली.