सोबत वाचणारं यंत्र

सॅन होजे, मंगळवार

प्रिय विल्माताई,

धाकट्याचा नमस्कार.

शाळेत आपण तीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो, तो आवाज अजून कानात आहे. त्या गलक्यात माझं अडखळणं कुणाला कळायचं नाही. वयाच्या सत्तरीत कंपनी काढली ती त्याच आठवणीवर: अडखळणाऱ्या मुलाबरोबर आमचं यंत्र त्याच्याच सुरात मोठ्यानं वाचत राहतं.

प्रकृती ठीक आहे. रोज सूप करतो. तुझा गुडघा कसा आहे?

गुरुवारी गुंतवणूकदार म्हणाले, "फार आवडलं! संपर्कात राहू." मी आनंदानं केक आणला. माझी भागीदार मारिसोल, जी मला गमतीनं मास्तर म्हणते, केककडे बघत राहिली.

"अहो मास्तर, इथं तोंडावर 'नाही' असं कुणी म्हणतच नाही. 'फार आवडलं' म्हणजेच 'नाही'!"

"मग हो कसं म्हणतात?"

"हो म्हणणारे सही करतात. कापा आता केक."

केक चांगला होता. महिनाअखेरपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर कंपनीला कुलूप लावायचं ठरलंय. आम्हा दोघांतलं एक रडवेलं झालं की दुसरं धीर देतं. दोघांवर रडायची वेळ एकाच दिवशी येऊ नये, एवढंच. तू काळजी करू नकोस.

हे लिहीत होतो तोच दार वाजलं. मारिसोलनं उघडलं. बसचालकाच्या गणवेशातला एक पन्नाशीचा माणूस उभा आहे. त्याच्या लेकीच्या शाळेत आम्ही चाचणीला दिलेलं यंत्र त्यानं पाहिलं म्हणे.

"मु... मुलीसाठी नको," तो म्हणतोय, "मा... माझ्यासाठी हवंय."

मोठ्या माणसांचा आम्ही कधी विचारच केला नव्हता, ताई. त्याला खुर्ची देतो.

तुझाच,
ऑर्विल