बंबावरचं आईचं नाव

उज्जैन, ३ डिसेंबर १९५६

नवा प्रदेश झाला आणि बाबांची बदली भोपाळला. तिथे पाणी तापवायचा बंब कुठे ठेवणार? म्हणून आज फ्रीगंजातून स्टोव्ह आणला, बंब मोडीत द्यायचा ठरला. पण त्यावर आईचं नाव कोरलेलं. नावासकट भांडं आमच्यात मोडीत देत नाहीत, आधी नाव घासतात. आई जाऊन वर्ष झालं.

कानस मीच घेतली. मोड घ्यायला आलेला भांडीवाला म्हणाला, "भैया, जल्दी करो." मी म्हटलं, "काका, नाम बड़ा है, टाइम लगेगा." तो हसला. मीपण हसलो. का हसलो?

पहिलं अक्षर गेलं आणि माझा हातच चालेना. बाबांनी कानस घेतली. आधी हाक मारल्यासारखं म्हणाले, "सरस्वती." मग घासायला लागले.

त्यांच्या तोंडून आईचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.